बारा आऱ्यांचा झेंडा

आबा,

तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. आपलं भांडण मात्र अजून तिथंच आहे, तुमच्या ओसरीवर, जिथं मी ते अर्धवट टाकून बस पकडायला निघाले. सासऱ्याशी भांडण म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच येतं. आपण कधी घरावरून, शेतावरून, मुलांवरून भांडलो नाही. तीस वर्षांत एकदाच भांडलो, तेही तुमच्या आईने शिवलेल्या झेंड्यावरून.

गावाला आज एवढंच ठाऊक आहे की हेडमास्तरांनी, म्हणजे तुम्ही, चाळीस वर्षं खोटा झेंडा खरा म्हणून दाखवला आणि शेवटी शाळेच्याच कार्यक्रमात स्वतःच्या तोंडाने ते कबूल केलं. त्यापुढचं फक्त मला ठाऊक होतं. ते माझ्या गळ्यात अडकवून तुम्ही निघून गेलात, याचा मला राग आहे. तो आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

लग्न होऊन मी सावद्याहून तापीकाठच्या तुमच्या गावी आले. आमच्याकडे केळी, तुमच्याकडे कापूस; आमची बोली वेगळी, तुमची अहिराणी वेगळी. सासूबाई काय म्हणतात ते मला पहिले दोन महिने निम्मंच कळायचं. तुम्ही माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलायचात, मुद्दाम सावकाश. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला घरी शाळेची मुलं आली आणि मी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

देश स्वतंत्र होणार ही बातमी शिरपूरहून आलेल्या माणसाने गावात आणली, आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर लावायला गावात झेंडाच नव्हता. तेव्हा तुमच्या आईने, जिला सगळं गाव जिजी म्हणायचं, घरातलं नवंकोरं धोतर फाडलं. होळीला वाळवून ठेवलेली पळसाची फुलं उकळून एक पट्टा केशरी केला. हिरवा पट्टा तिच्या स्वतःच्या लुगड्याचा. मधलं चक्र तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. कोणीतरी ‘चाक असतं’ म्हणालं, तर तिने वाटी ठेवून गोल काढला आणि बैलगाडीच्या चाकाला असतात तशा बारा आऱ्या निळीने रेखल्या. चोवीस असतात हे गावाला नंतर कळलं. गोष्ट इथपर्यंत आली की तुम्ही ट्रंक उघडायचात. पितळी ताटात घडी केलेला झेंडा असायचा, अर्धं चक्र दिसेल एवढाच. हात कोणी लावायचा नाही. मुलं माना वाकड्या करून आऱ्या मोजायची.

देशाचा पहिला झेंडा कोणी काढला, कोणी शिवला यावर मोठमोठी माणसं अजून वाद घालतात, असं तुम्ही मुलांना सांगायचात. “आपल्या गावाच्या पहिल्या झेंड्याबद्दल मात्र वाद नाही,” असं म्हणून ट्रंक बंद करायचात.

मला ती गोष्ट फार आवडायची, कारण ती शिवणाऱ्या बाईची होती. मी लग्नाआधीच शिवण शिकले होते, पण सासरी तसं बोलायची सोय नव्हती. पुढे प्रकाशला धुळ्यात नोकरी लागली. (तुमच्यासमोर त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, लिहिताना घेते.) आम्ही देवपुरात दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. महिन्याभराने तुम्ही दारात उभे, मांडीवर ठेवून एसटीतून आणलेलं, माहेरी राहिलेलं माझं शिलाई मशीन हातात. “वरचं डोकं आणलंय,” म्हणालात, “पाय पुढच्या खेपेला.” मी शिवते याबद्दल आपण तोवर एक शब्दही बोललो नव्हतो. आज देवपुरात माझ्या दुकानात चार बायका काम करतात, त्याची सुरुवात तिथून आहे. तेव्हा तुमच्याकडे बघून मला रडू आलं होतं आणि तुम्ही घाईने पाणी मागितलं होतं.

म्हणूनच यंदा तुम्ही तो झेंडा उशीच्या अभ्र्यात घालून माझ्याकडे आणलात, तेव्हा मला वाटलं, मोठा मान दिला. गावच्या शाळेचं नवं सभागृह तयार झालं होतं. त्यात काचेच्या पेटीत झेंडा ठेवायचा, खाली जिजीच्या नावाची पाटी लावायची, असं शाळेच्या कमिटीने ठरवलं होतं. एका बाजूची शिवण उसवली होती, ती तेवढी नीट करून दे, असं सांगून तुम्ही तुमच्या जुन्या मित्राकडे जाऊन यायला निघालात.

मी झेंडा टेबलावर पसरला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा पुरता उघडा पाहिला. आबा, जिजीने शिवलेल्या गोधड्या मी वापरल्यात. तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा, ओळीने, एकसारखा. झेंड्याचे टाके लांब, आखूड, वाकडे, आणि गाठी मुगाएवढ्या. मनाशी म्हटलं, घाईत शिवला असेल. उसवलेला दोरा सवयीने कापला आणि टोक पक्कं करायला काडी ओढली. दोरा वितळला. टोकाला काळा मणी झाला.

सुती दोरा वितळत नाही. तो जळतो आणि त्याची राख होते. वितळणारा दोरा आमच्याकडे आला तेव्हा मी शाळेत होते; आईने पहिली रीळ आणली ती मला आठवते. मी मधल्या शिवणीतून अजून एक दोरा काढून पाहिला. तोही वितळला.

तुम्ही परत आलात. टेबलावरची जळकी काडी पाहिलीत, माझ्या तळहातावरचे दोन दोरे पाहिलेत, आणि खुर्चीवर न बसता तसेच उभे राहिलात.

“आबा, हा दोरा त्या काळचा नाही,” मी म्हटलं.

“तुला शिवायला दिलं होतं,” तुम्ही म्हणालात. “तपासायला नाही.”

झेंडा अभ्र्यात घातलात आणि निघालात. मी तुमच्यासाठी आमच्याकडच्या वांग्यांचं भरीत केलं होतं. ते झाकलेलंच राहिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आठवड्याभराने प्रकाश गावाहून एक कागद घेऊन आले. कमिटीला प्रतिज्ञापत्र हवं होतं: हा झेंडा माझ्या आईने पहिल्या स्वातंत्र्यदिनासाठी स्वतः शिवलेला मूळ झेंडा आहे. खाली तुमची सही आणि दोन साक्षीदार. एक प्रकाश, दुसरी मी. सून शिवणकामातली जाणकार आहे, तिची सही शोभून दिसेल, असं सेक्रेटरींना सुचलं होतं. प्रकाशची सही झालेली होती. तुमची जागा रिकामी होती.

मी सही करणार नाही म्हटलं. प्रकाशनी कारण विचारलं. मला सांगता येईना. सांगितलं असतं तर त्यांच्या आजीचा आणि बापाचा निकाल मी एका वाक्यात लावल्यासारखा झाला असता, आणि खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, माझ्या आजीवर तुझा विश्वास नाही का? आमच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. पत्रिका छापून आल्या होत्या, पाहुण्यांना बोलावणी गेली होती. तिसऱ्या दिवशी मी दुकान बायकांवर सोपवलं, कागद पिशवीत घातला आणि एकटी गावी आले.

दुपार होती. तुम्ही ओसरीवर बसला होतात. सासूबाई गेल्यापासून तुम्ही तिथंच बसायचात. मी कागद तुमच्यापुढे ठेवला. बराच वेळ तुम्ही तो वाचत राहिलात, जणू मुलाचा पेपर तपासताय.

“तू सही करणार नाहीस?”

“तुम्ही करणार का, ते आधी सांगा.”

मग तुम्ही सांगितलंत. सुरुवात शाळेच्या भाषेत केलीत आणि थोड्या वेळाने अहिराणीत गेलात, मला कळतंय की नाही हे न बघता. मला सगळं कळत होतं.

झेंडा जिजीने शिवला होता, हे खरं. तो चावडीवर लागला, हेही खरं. संध्याकाळी उतरवल्यावर गावाने तो मानाने तिच्याकडेच सांभाळायला दिला. तुम्ही सात वर्षांचे होता. तुमच्या पाठीवर एक बहीण होती, अजून धड चालायला न लागलेली. त्याच हिवाळ्यात तिला ताप आला. वडील कापसाची गाडी घेऊन शिरपूरला गेलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. कापड तेव्हा रेशनवर मिळायचं, तेही वेळेवर नाही. तिला गुंडाळायला घरात धड कापड नव्हतं. जे एक नवं धोतर होतं, ते झेंड्यात गेलं होतं.

जिजीने शेजारणींना हाक मारायच्या आधी ट्रंक उघडली. झेंडा काढला, मुलीभोवती गुंडाळला आणि वरून आपलं जुनं लुगडं लपेटलं. तुम्ही दाराशी उभे राहून बघत होतात. तिने तुम्हाला पाहिलं आणि म्हणाली, “तिले उघडी कशी धाडू? गावले सांगू नको.”

नाल्यापलीकडे लहान मुलांना पुरत, तिथे तिला पुरलं.

पुढच्या वर्षी लोक झेंडा मागायला आले, तेव्हा जिजी म्हणाली, कापड विरलंय, ट्रंकेतच राहू दे. गावाने धुळ्याहून खादीचा झेंडा आणला. गोष्ट मात्र वाढत गेली. ती कोणी सांगायला लागलं की जिजी उठून आत जायची, आणि लोक म्हणायचे, किती साधी बाई. ती गेल्यावर शाळेने झेंडा बघायला मागितला. तुम्ही तेव्हा तिथेच मास्तर होता. सुटीच्या दिवशी दार लावून, आठवत आठवत, बारा आऱ्यांचा झेंडा तुम्ही स्वतः शिवलात. कापड शिरपूरच्या बाजारातलं, दोरा वाण्याकडचा. बोटांना सुई टोचून टोचून दोन दिवस खडू धरता येत नव्हता, म्हणालात. सासूबाईंनाही कधी कळू दिलं नाहीत.

“मन्ही मायनी चोरी नही करी, सुरेखा,” तुम्ही म्हणालात. माझ्या आईने चोरी केली नाही. मी कधी म्हटलं होतं तसं?

आबा, तेव्हा मी थांबायला हवं होतं. तुमच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात कागद होता, तारीख होती, घरातला अबोला होता. मी म्हटलं, हे सगळं असंच्या असं सांगा. झेंडा शिवण्यापेक्षा हे मोठं आहे. तुम्ही नकाराची मान हलवलीत. म्हणालात, लोक म्हणतील, बाईने झेंडा मातीत घातला. मी म्हटलं, शहीद जवानांच्या अंगावर घालतातच ना? तुम्ही एकदम मास्तर झालात.

“घालतात. पण चितेवर देत नाहीत. काढून, घडी करून घरच्यांच्या हातात देतात. नियम मला शिकवू नकोस.”

“ती नियम मोडायला गेली नव्हती. मूल गेलं होतं तिचं.”

“ते मला कळतं. गावाला कळेल?”

मी म्हटलं, तुम्ही गावाला विचारलंच कुठे. तुम्ही म्हणालात, मी खोटं बोललो ते माझं आहे, ते मी सांगेन. तिचं सांगायचा मला हक्क नाही. मी म्हटलं, मग लोक तुम्हाला खोटारडा म्हणतील. तुम्ही म्हणालात, म्हणू दे, खोटं बोललोच आहे. मी म्हटलं, आणि ती मुलगी? ती जन्माला आली होती हे तुमच्याशिवाय आज कोणाला माहीत आहे?

त्यावर तुम्ही हात पुढे केलात. कोणाला सांगणार नाहीस असं वचन दे, म्हणालात. मी तुमच्या हाताकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि म्हटलं, बस चुकेल.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. काचेची पेटी स्टेजवर होती, तिला झेंडूच्या माळा लावलेल्या. शाळेच्या मुलींनी जिजीवर गाणं बसवलं होतं, तेही झालं. प्रकाश पुढे, पाहुण्यांच्या शेजारी. तुम्ही अभ्रा हातात घेऊन माइकसमोर गेलात. वर्गात उभे राहायचात तसेच उभे राहिलात.

“हा तो झेंडा नाही,” तुम्ही म्हणालात. “जिजीने शिवला होता, तो आता नाही. हा मी नंतर शिवला. शाळेला, गावाला, इथे बसलेल्या कित्येकांना त्यांच्या लहानपणी मी खोटं सांगितलं. मी माफी मागतो.”

मागून कोणीतरी विचारलं, मग खरा कुठे गेला?

“माझ्याकडून राहिला नाही,” म्हणालात.

मग अध्यक्षांनी माइक घेतला आणि पुढचा कार्यक्रम सुरू केला. पेटी संध्याकाळपर्यंत तशीच रिकामी, माळा घातलेली उभी होती. प्रकाश जेवायला न थांबता गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी एवढंच विचारलं, तुला माहीत होतं? मी हो म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नंतर गाव बोलू लागलं. कोणी म्हणे मास्तरांनी झेंडा कोणा संग्राहकाला विकला. कोणी म्हणे उंदरांनी खाल्ला, लाजेने सांगत नाहीत. आणि शेवटी जे व्हायचं ते झालं: जिजीने झेंडा शिवला तरी होता का, असं लोक विचारू लागले. तिला वाचवायला तुम्ही स्वतःला पुढे केलंत, आणि तिच्या हातून झालेलं एवढं एक कामही खोटं ठरलं. मी तुम्हाला फोन केला. म्हटलं, आबा, लोक काय म्हणतात ते कानावर येतंय का?

“तू जेवलीस का?” तुम्ही विचारलंत आणि फोन ठेवलात.

मला वारंवार वाटतं, मी ती काडी ओढली नसती तर? प्रतिज्ञापत्रावर तुम्ही सही केली असती? कदाचित केली असती. पेटीत झेंडा राहिला असता आणि तुम्ही मानाने गेला असता. उरलेले अडीच महिने मुलाच्या फोनची वाट बघत काढावे लागले नसते. प्रकाश फोन करत नव्हते, आणि मी त्यांना सांगत नव्हते. वचन दिलं नव्हतं तरी पाळत होते. माझ्या हट्टाने आधीच बरंच काही मोडलं होतं.

त्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, की तुम्ही अंगणात पडलात. आम्ही देवपुरातून निघून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. प्रकाश तुमच्या पायांशी बसले. दिवसभरात एकदाही त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाच मी सांगायला हवं होतं का? घर माणसांनी भरलेलं होतं.

परवा, उत्तरकार्य उरकून पाहुणे गेल्यावर, आम्ही दोघं तुमची खोली आवरत होतो. ट्रंकेत अभ्रा सापडला. प्रकाशनी तो बाहेर काढला आणि मला विचारलं, याचं काय करायचं? आवाज इतका कोरडा होता की मला भीती वाटली. मी दार लोटलं, त्यांना खाटेवर बसवलं आणि तुम्ही सांगितलं होतंत ते सगळं सांगितलं. जिजीचं वाक्य अहिराणीतच सांगितलं. मला नीट म्हणता आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

ते खूप वेळ झेंड्यावरचे तुमचे टाके बघत राहिले. मग म्हणाले, “बापाला मी शेवटचा फोनसुद्धा केला नाही.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी ओसरीवर तुमच्यासाठीही मी एवढंच करायला हवं होतं.

थोड्या वेळाने आम्ही नाल्यापलीकडे गेलो. तिथे आता शेत आहे. कपाशी उभी होती, दोन बायका वेचत होत्या. पुरण्याची जागा नक्की कुठे होती ते त्यांनाही माहीत नव्हतं. प्रकाश बांधावर चपला काढून उभे राहिले.

आम्ही दोघांनी ठरवलंय, हे शाळेला लिहून द्यायचं. तुम्हाला पटणार नाही. जिजीच्या मनाविरुद्ध आहे, हेही मला कळतं. पण जिजीने झेंडा शिवलाच नाही असं या गावात कोणी म्हटलेलं मला ऐकवणार नाही. आणि मी वचन दिलं नव्हतं, आबा. रागवायचं तर माझ्यावर रागवा, तुमच्या मुलावर नको.

काल लिहायला बसलो. जिजीचं पूर्ण नाव प्रकाशना माहीत होतं, ते लिहिलं. तुमचं लिहिलं. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, “आणि तिचं?”

तुम्ही सबंध दुपार तिला ‘लहानी’ म्हणत होतात. मी तुमच्याशी नियमांवरून, गावावरून, सहीवरून भांडले. एवढं एक विचारायचं राहिलं. आता ते सांगू शकेल असं कोणी जिवंत नाही.

तिचं नाव काय होतं, आबा?